विसार आधी, काम मग

विसरवाडीत छायाचित्रकार, अनुवादक, डिझायनर आणि व्हिडिओ-संपादक मंडळी जमली आहेत.

याच तालुक्यात नवापूरचे रेल्वे स्थानक आहे, अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातमध्ये. तिथल्या बाकावरही दोन्ही राज्यांची नावे रंगवलेली आहेत. हद्द ठाऊक असली की शेजार सुखाचा होतो, हे इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. गिऱ्हाइकाशी बोलताना मात्र त्याचीच जीभ अडखळते. लग्नाचे शूटिंग एका दिवसाचे ठरते, मग हळद येते, मग वरात, मग ‘दादा, तेवढी एक रील करून द्या ना’. पैशांचे विचारले की ‘घरचंच समजा’!

या भागाने मोघम बोलीची किंमत फार पूर्वी मोजली आहे. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाच्या शेतात राबणारा गडी; त्याच्या कामाला घड्याळ नव्हते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला शहादा परिसरात अंबरसिंग महाराज सुरतवंती यांनी आदिवासींना उभे केले, १९७२मध्ये श्रमिक संघटना स्थापन झाली आणि सालदाराच्या मजुरीचा प्रश्न चव्हाट्यावर आला. फ्रीलान्सरची अवस्था तशी नाही, दोघांची तुलना करणेही योग्य नाही. पण काम कुठे संपते हे ठरले नसेल, तर झीज राबणाऱ्याचीच होते, एवढे दोन्हीकडे सारखे.

बैलाचा सौदा असो की जमिनीचा, विसार दिल्याशिवाय तो पक्का मानत नाहीत. मग डिझाइनच्या कामालाच विसार मागताना संकोच का? किती फेरबदल, कोणत्या तारखेला काम, किती वाजेपर्यंत फोन, हे कागदावर आधीच यावे.

कायदाही पाठीशी आहे. उद्यम नोंदणी मोफत होते. २००६च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म व्यावसायिकाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांपलीकडे थकवता येत नाहीत. थकवले तर बँकदराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. छायाचित्रकारांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाइकाचा असतो.

दुपारच्या सत्रात मराठीतला करारनामा प्रत्यक्ष भरायचा आहे. प्रत्येकाने आपले एक थकलेले बिल सोबत घेऊन बसावे, ही विनंती.