किल्ली कोणाच्या खिशात?

गावच्या नळपाणी योजनेचा पंप बिघडला म्हणजे विहिरीवर काय चित्र दिसते, ते आपण पाहिलेच आहे. मिस्त्री आत उतरलेला, ग्लँडची दोरी बदलताना त्याची बोटे कपलिंगपाशी. आणि स्टार्टर वर, खोपटात. “वीजच गेलीय, मग भीती कसली?” असे कोणीतरी म्हणतो. पण वीज जाते न सांगता, तशी येतेही न सांगता. स्टार्टरला ऑटो स्विच असला, तर वीज येताच मोटार आपोआप फिरू लागते. आता तर काहीजण घरबसल्या मोबाइलवरून मोटार लावतात. विहिरीत कोण आहे, हे त्यांना दिसणार कसे?

यावर उपाय साधा आहे. मेन स्विच बंद करावा, त्याच्या दांड्याला कुलूप घालावे, आणि किल्ली जो खाली उतरणार त्याच्याच खिशात असावी. दांड्याला भोक नसेल तर पेटीला कडीकोयंडा करून घ्यावा. दोघे उतरणार असतील तर कुलुपे दोन. शेजारी पत्र्याची पाटी टांगावी: “माणूस काम करीत आहे. स्विच लावू नये.” खाली नाव आणि वेळ. शाळेतल्या गुरुजींनी ती ठळक अक्षरात लिहून दिली तर फार बरे. मात्र नुसत्या पाटीवर भिस्त नको. अंधारात ती दिसत नाही, घाईत कोणी वाचत नाही. अमेरिकेत कारखान्यांसाठी या कुलूप-पाटीचा नियम १९८९ साली झाला.

अडचण कुलपाच्या किमतीची नाही, भिडेची आहे. “मी बसलोय ना इथं, कुलूप कशाला?” असे पंपवाला म्हणतो आणि मिस्त्री गप्प बसतो. अहो, पण पंपवाला चहाला जातो, त्याच्या जागी दुसरा येतो. टाकी रिकामी म्हणून बाया घागरी घेऊन ओरडत असतात, आणि तो बापडा चांगल्या मनानेच खटका दाबतो! कुलूप घातले म्हणून कोणी चोर ठरत नाही.

कुलूप लावल्यावर स्टार्टरचे बटण दाबून पाहावे. दोन मोटारी असल्या तर भलताच स्विच बंद झालेला असतो, तो इथे कळतो. वीज गेलेली असताना मात्र या परीक्षेला अर्थ नाही.

आणि पाण्याला विसरू नये. मोटार थांबली तरी चढत्या नळात पाणी उभेच असते. ते ३० मीटर उंच असेल, तर चार इंची नळाच्या झडपेवर सुमारे २४० किलोंचा रेटा बसतो. म्हणून पंपापुढची झडप बंद करून तिच्या चाकालाही साखळी-कुलूप घालावे, पंपाकडचे पाणी तोटीने काढून टाकावे, मग बोल्टला पाना लावावा.

काम संपल्यावर विहिरीत हाक मारून भागत नाही. उतरलेली सगळी माणसे वर आलेली डोळ्यांनी पाहावीत, पाने मोजावेत, आणि ज्याचे कुलूप त्यानेच काढावे.