फुलांची चित्रे आणि त्यांखालची नावे



कलादालनाचा दरवाजा उघडा असला तरी तो सर्वांनाच उघडा वाटतो असे नाही. पणजी किंवा मडगावसारख्या शहरात चित्रप्रदर्शन भरते, वृत्तपत्रांत त्याची बातमी येते, प्रवेशशुल्कही बहुधा नसते. तरीही कामानिमित्त शहरात आलेला खेड्यातील गृहस्थ पायरीपाशी क्षणभर घुटमळतो आणि परत फिरतो. चित्रांतले आपल्याला काय कळते, ही त्याची अडचण. अन्य चित्रांविषयी ती काही अंशी खरी असेलही. परंतु समकालीन चित्रकारांच्या पुष्पचित्रांचे आणि मुद्राचित्रांचे प्रदर्शन असेल, तर ही अडचण उरू नये. ज्या घरात दरवर्षी गणेशचतुर्थीला माटोळी बांधली जाते, त्या घरातील माणसाने फुलाच्या चित्रासमोर संकोचावे, हे नवलच म्हणावे लागेल. रानातली कळलावी केव्हा फुलते, सुरंगीचे वळेसर बाजारात किती दिवस दिसतात, बकुळीचा सुवास फूल सुकल्यावरही कसा टिकतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक असते. चित्रकाराला ते पुष्कळदा शोधून काढावे लागते.

अशा प्रदर्शनात दोन तऱ्हेची कामे असतात. कागदावर वा कॅनव्हासवर प्रत्यक्ष रंगविलेले चित्र एकमेव असते. दुसरे मुद्राचित्र. “म्हणजे छापील चित्रच ना?” असा प्रश्न येथे हमखास विचारला जातो, आणि त्यात थोडी तुच्छताही असते. दिनदर्शिकेवरचे चित्र छापील असते याचा अर्थ असा, की मूळ चित्र कोठेतरी निराळे असते आणि त्याच्या प्रती यंत्राने काढलेल्या असतात. मुद्राचित्राला असे निराळे मूळ नसतेच. चित्रकार ठसा स्वतः घडवितो आणि त्यावरून उमटलेली प्रत्येक प्रत हेच मूळ चित्र.

ही कला आपल्या लोकांना वाटते तितकी परकी नाही. गोमंतकातील काही जुन्या देवळांच्या भिंतींवर कावीची वेलबुट्टी आहे. चुन्याच्या गिलाव्यावर तांबड्या मातीचा थर द्यावयाचा आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करावयाचा, अशी ती पद्धती. अम्लरेखनात तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर मेणासारखा लेप देतात, सुईने तो खरवडून रेघ काढतात आणि पत्रा आम्लात बुडवितात. जेथे लेप निघाला तेथे आम्ल धातू खाते व रेघ खोल होते. त्या खाचेत शाई भरून वरचा पत्रा स्वच्छ पुसावयाचा, ओलसर कागद ठेवावयाचा आणि दाबयंत्रातून काढावयाचा. पाकळीवरची केसासारखी शीर या रीतीने जितकी स्पष्ट उमटते तितकी क्वचितच अन्य रीतीने उमटत असेल. दुसरी एक पद्धती जाळीच्या कापडातून रंग दाबून काढण्याची आहे. अंगणात रांगोळीचे भोके पाडलेले छाप वापरणाऱ्या गृहिणीला ती समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

मुद्राचित्राच्या खालच्या कडेला पेन्सिलीने लिहिलेली एक बारीक ओळ असते. 7/30 असा आकडा असेल तर तीस प्रतींपैकी ही सातवी प्रत असे समजावे. शेजारी चित्रकाराची सही असते. या ओळीकडे बहुतेकांचे लक्ष जात नाही. वास्तविक ती अवश्य वाचावी. कारण फुलांच्या चित्रांचा इतिहास हा बऱ्याच अंशी गाळलेल्या नावांचाही इतिहास आहे.

याचे एक उदाहरण अमेरिकेतील आहे. अँडी वॉरहॉल या चित्रकाराने 1964 साली चार फुलांची एक आकृती घेऊन, जाळीच्या कापडातून रंग दाबण्याच्या पद्धतीनेच, तिची अनेक चित्रे केली. पाकळ्या सपाट, रंग भडक, मागे गवत. पुढे 1970 मध्ये त्याने याच आकृतीची दहा मुद्राचित्रे काढली. प्रत्येकाच्या अडीचशे प्रती. आधुनिक कलेच्या इतिहासात या फुलांना मोठे स्थान आहे. मौज अशी, की ही कोणती फुले याविषयी जाणकार समीक्षकांनीही निरनिराळी आणि चुकीची विधाने केली. ती होती साधी जास्वंद. आपल्याकडे परसात जाऊन देवपूजेची फुले खुडणाऱ्या कोणत्याही मुलीने पाच पाकळ्यांची ती ठेवण ओळखली असती. दुसरी गोष्ट इतकी गमतीची नाही. मूळ छायाचित्र पॅट्रिशिया कॉलफिल्ड या बाईंचे होते. एका मासिकात छापलेले ते छायाचित्र वॉरहॉलने त्यांना न विचारता उचलले होते. त्यांनी 1966 साली न्यायालयाचा दरवाजा ठोठावला, तेव्हा कोठे प्रकरण तडजोडीने मिटले.

जॉर्जिया ओकीफ या अमेरिकन चित्रकर्त्रीची रीत निराळी. त्यांनी 1932 साली धोतऱ्याच्या कुळातील एका पांढऱ्या फुलाचे प्रचंड आकाराचे चित्र काढले आणि त्या रानटी झाडाचे नाव शीर्षकातच घातले. 2014 मध्ये न्यूयॉर्क येथील लिलावात ते 4 कोटी 44 लाख डॉलरना विकले गेले. स्त्री-कलावंताच्या कलाकृतीला मिळालेली ती त्या वेळची सर्वोच्च किंमत होती. किमतीवरून चित्राची थोरवी ठरत नाही, हे खरेच. पण उकिरड्याच्या कडेला उगवणारा आणि महाशिवरात्रीपुरता आठवणीत येणारा धोतरा कोणीतरी तासन्‌तास न्याहाळावा, याला काही अर्थ आहे.

आपल्या प्रदेशाचा या विषयाशी असलेला संबंध फार जुना आहे. गार्सिया द ओर्ता यांचा औषधी वनस्पतींवरील संवादरूप ग्रंथ 1563 साली गोव्यात छापला गेला. त्यात माहिती विपुल आहे, पण झाडाचे चित्र एकही नाही. पुढे क्रिस्तोव्हाँव द कॉश्ता यांनी या भागातील वनस्पतींवर स्वतःचा ग्रंथ लिहिला व तो 1578 मध्ये स्पेनमधील बुर्गोस येथे लाकडी ठशांच्या चित्रांसह प्रसिद्ध केला. त्यानंतरचे मोठे काम म्हणजे ‘होर्तुस मलबारिकुस’. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक व्हान रीड याने मलबारच्या वनस्पतींचा हा संग्रह करविला. त्याचे बारा खंड 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅम येथे निघाले. इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्यांबरोबर रंग भट, विनायक पंडित आणि आपु भट हे तीन कोकणी वैद्य या कामी साहाय्यास होते. त्यांचे कोकणी भाषेतील, नागरी अक्षरांतले 1675 सालचे प्रमाणपत्र पहिल्या खंडात जसेच्या तसे छापले आहे. एवढेच नव्हे, तर ताम्रपटांवर कोरलेल्या चित्रांतही झाडाचे नाव इतर लिप्यांबरोबर नागरीत घातलेले आढळते. ताम्रपटावरील सर्व काही कागदावर उलटे उमटते, म्हणून अक्षरे उलटी कोरावी लागतात. ज्याला नागरीचे एक अक्षरही वाचता येण्याचा संभव नाही अशा हॉलंडमधील कारागिराने ती काळजीपूर्वक उलटी कोरली. फुलाला त्याच्या गावचे नाव असते, आणि ते चित्रात असले पाहिजे, इतका विवेक त्या योजनेमागे होता.

पण सर्वत्र असे घडले नाही. पुण्याजवळ दापोडी येथे ब्रिटिश अमदानीत एक सरकारी वनस्पतिउद्यान होते. त्याचे अधीक्षक डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनी 1847 ते 1850 या काळात तेथील झाडाफुलांची दीडशेहून अधिक रंगीत चित्रे करवून घेतली. ही चित्रे आज एडिंबरो येथील राजकीय वनस्पतिउद्यानाच्या संग्रहात आहेत आणि 2002 साली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. गिब्सन यांचे नाव सर्वांना माहीत आहे. वनस्पतींची लॅटिन नावेही निश्चित झालेली आहेत. ज्याने ती काढली तो पोर्तुगीज-भारतीय वंशाचा चित्रकार होता, यापलीकडे त्याच्याविषयी काही कळत नाही. तो आपल्याच एखाद्या गावचा असावा असे मनात येते. मात्र नावाची नोंदच कोणी केली नाही, तेव्हा गाव कोठून शोधणार?

समकालीन पुष्पचित्रकाराची स्थिती या बाबतीत बरी आहे. लंडनमधील क्यू उद्यानात 2008 सालापासून केवळ वनस्पतिचित्रांसाठी वाहिलेले एक कलादालन आहे. डॉ. शर्ली शेरवूड यांनी 1990 पासून जमविलेल्या आजच्या चित्रकारांच्या कामांना तेथे जागा मिळाली. भारतातही हे काम निष्ठेने करणारे लोक आहेत. कालिम्पाँगच्या हेमलता प्रधान यांनी लंडनमध्ये शिक्षण घेतले आणि हिमालयातील ऑर्किड फुले रंगविली. अशा कामात वेळेशी झुंज असते. खुडलेले फूल दुपारपर्यंत मान टाकते. म्हणून रंग आधी टिपावा लागतो, पानांची मापे मागाहून घेता येतात. फोटो काढला की झाले, असे म्हणणाऱ्याने एकदा जास्वंदीचा पुंकेसर-दांडा पेन्सिलीने काढून पाहावा.

प्रदर्शनाच्या संयोजकांना येथे एक सूचना करावीशी वाटते. चित्राखालच्या चिठ्ठीवर चित्रकाराचे नाव, माध्यम आणि किंमत असते. फुलाचे नाव असलेच तर लॅटिनमध्ये किंवा इंग्रजीत. कोकणी-मराठी नाव अभावानेच आढळते. दालनाच्या दाराशी अभिप्रायाची वही असतेच. त्यात “फार सुंदर” या शेऱ्यांची पाने भरतात. तिच्याशेजारी दुसरी एक वही ठेवावी आणि पाहणाऱ्याने आपल्या गावात त्या फुलाला काय म्हणतात ते लिहावे. काणकोणचे नाव वेगळे, सत्तरीचे वेगळे असे निघेल, निघू द्यावे. ज्या वृद्ध स्त्रियांना ही नावे येतात त्यांपैकी अनेकींना लिहिता येत नाही, तेव्हा वहीजवळ एखादा लिहून घेणाराही बसवावा. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. जांभ्या दगडाचा सडा खणला गेला की त्यावरची फुले जातात, आणि फूल दिसेनासे झाले की त्याचे नाव पुढच्या पिढीच्या तोंडी राहत नाही.

शिक्षकांनी मुलांना अशा प्रदर्शनास अवश्य न्यावे, परंतु वेळ पाहून न्यावे. सड्यावरील सीतेची आसवे, गेंद ही फुले पावसाळा सरता सरता, भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास असतात. सहल आणि दालनाची भेट त्याच दिवसांत ठरविता आल्यास मुलांना ती आधी ओल्या कातळावर व मग कागदावर पाहता येतील.