पोर्ट लुईचा घाट आणि आपला बालाघाट



मुकुंदराजांच्या या अंबाजोगाईत व्याख्यानाला उभे राहण्याचा अधिकार आम्हांला शाळेने दिलेला नाही. चौथीनंतर हातात कोयता आला. पुढचे शिक्षण खोपीत, कंदिलाच्या उजेडात आणि नंतर संघटनेच्या कचेरीतील पुस्तकांवर झाले. तेव्हा आज पांडित्याची अपेक्षा ठेवू नये. गेल्या जुलै महिन्यात पाठीवर एक सॅक टाकून आम्ही मॉरिशस बेटावरील पोर्ट लुई या शहरी तीन आठवडे राहून आलो. तेथे काय पाहिले आणि ते आपणांस का सांगावेसे वाटते, एवढेच बोलणार आहोत.

ऊसतोड कामगारांच्या संघटनेचा माणूस परदेशी सहलीला गेला कसा, हा प्रश्न आपल्या मनात आला असेलच. तो विचारायलाच हवा. पैसा संघटनेचा नव्हता, घरचा होता. सहा वर्षे थोडा थोडा साठवला, आणि मुलगी नोकरीस लागली तिने तिकिटात भर घातली. भारतीय माणसाला तेथे फिरायला जाण्यासाठी आधी व्हिसा काढून ठेवावा लागत नाही. मुंबईहून सहा-साडेसहा तासांचे विमान. महिना जुलैचा निवडला, कारण तेव्हा आपल्याकडे गाळप बंद असते, टोळ्या गावी असतात, आणि तिकडे तोडणी भरात असते.

शहर मोठे देखणे. समोर निळे बंदर, मागे डोंगरांची ओळ. त्यातल्या एकाचे नावच 'अंगठा', आणि दिसतोही तसाच. जुलै म्हणजे त्यांचा हिवाळा, पण ऊन आपल्या मार्गशीर्षासारखे, अंगाला गोड लागणारे. प्रवासी लोक समुद्रकाठच्या मोठ्या हॉटेलांत उतरतात. आम्ही एका गल्लीत स्वस्त खोली घेतली, एसटीने फिरावे तसे त्यांच्या बसने फिरलो, आणि बाजारात उभ्याने 'ढोलपुरी' खाऊन पोट भरले. डाळ शिजवून, वाटून, पिठात भरून पातळ लाटलेली पोळी. आपल्या पुरणपोळीतला गूळ काढून घ्यावा आणि सोबत रस्सा-चटणी द्यावी, तसा प्रकार! पहिला घास घेतला आणि ध्यानात आले, की ही पोळी येथे सहलीला आलेली नाही. ती कोणाच्या तरी गाठोड्यातून, पोटाच्या मागे लागून आलेली आहे.

ते गाठोडे जेथे उतरले, ती जागा बाजारापासून थोड्याच अंतरावर आहे. तिला 'आप्रवासी घाट' म्हणतात. २००६ साली युनेस्कोने तिला जागतिक वारशात स्थान दिले. गुलामगिरी कायद्याने बंद होऊ लागली, तेव्हा मळेवाल्यांना उसासाठी नवे हात हवे झाले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाच्या जहाजातून ३६ हिंदी मजूर येथे उतरले. तेव्हापासून १९२० पर्यंत सुमारे साडेचार लाख माणसे करारावर आली. कलकत्ता, मद्रास आणि आपली मुंबई या बंदरांतून ती निघाली. मराठी माणसे बहुतेक कोकणातली. त्यांचे वंशज आजही गणेशचतुर्थी मांडतात, झाकरी नाचतात, आणि तिथल्या शाळांतून मराठी शिकतात.

घाटाच्या दगडी पायऱ्यांवर आम्ही पुष्कळ वेळ बसलो. शेजारच्या संग्रहालयात कराराच्या अटी वाचल्या: पाच वर्षांचा करार, महिना पाच रुपये, वर शिधा. मजुरांवर देखरेख करणाऱ्याला 'सरदार' म्हणत. पुष्कळ वेळा हाच सरदार गावी परत जाऊन आपल्याच भाऊबंदांची भरती करून आणी. आणि एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापीत! आमच्या तोंडून मोठ्याने निघाले, "अरे, हा तर आपला मुकादम, आणि हा आपला खाडा!" धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूरच्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. दिवाळीच्या सुमारास उचल घ्यायची, नवरा-बायको मिळून एक 'कोयता' व्हायचे, आणि ताप आला म्हणून खोपीत पडले तर खाड्याचा दंड भरायचा.

पुढची गोष्ट सांगण्यासाठीच आम्ही आज उभे आहोत. तेथे एका निवृत्त मराठी शिक्षिकेने आम्हांला घरी जेवायला बोलावले. त्यांनी कपाटातून एक कागद काढला. त्यांच्या खापरपणजोबांच्या नोंदीची ती नक्कल होती. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या काळचे नोंदवह्यांचे दप्तर जपून ठेवले आहे. क्रमांक, जहाज, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जिल्हा, गाव, सारे त्या कागदावर होते. बाईंनी साधेपणाने विचारले, "भाऊ, तुमच्या माणसांचेही असे कागद असतील ना?"

आमच्याने उत्तर देववले नाही. १९९३ साली आमचा थोरला भाऊ उसाच्या गाडीखाली सापडून गेला. आम्ही कारखान्याच्या कचेरीत गेलो, तेव्हा "हा आमचा कामगार नव्हे, मुकादमाला विचारा" असे उत्तर मिळाले. मुकादमाने वही उघडली. भावाचे नाव त्यात होते; नावासमोर फक्त बाकी होती. वहिनीने पुढचे दोन हंगाम ती बाकी फेडली. तिचे स्वतःचे नाव तर त्या वहीतही नव्हते. ती अर्धा कोयता होती, एवढेच.

परक्या राज्याने जहाजात कोंबून नेलेल्या मजुराचे नाव दीडशे वर्षांनंतर सापडते, आणि स्वतंत्र देशातल्या मजुराचे त्याच हंगामात सापडत नाही!

पण सरकारी कागद म्हणजे दया, असे कोणी समजू नये. ते कागद मजुराला बांधण्यासाठी केले होते. १८६७ च्या कायद्याने जुन्या मजुरालाही फोटोचा परवाना जवळ बाळगावा लागे. तो नसला, की तुरुंग. परंतु मजुरांनी तोच कागद उलटा फिरवला. १८७१ मध्ये अडॉल्फ द प्लेविट्झ या गोऱ्या गृहस्थाच्या मदतीने त्यांनी गव्हर्नरकडे अर्ज केला. त्याच्याखाली ९,४०१ जणांची निशाणी होती. पुढच्याच वर्षी शाही चौकशी आयोग बसला. तेवढ्याने लढा संपला नाही. २७ सप्टेंबर १९४३ रोजी बेल व्ह्यू हारेल येथे संपावरील मजुरांवर गोळीबार झाला. त्यात अंजलाई कूपेन ही गरोदर बाई ठार झाली. तिच्या नावाचे क्रीडांगण आज तेथे आहे. पोटुशी असताना उसाच्या मोळ्या वाहणाऱ्या आपल्या लेकीबाळी आम्हांला तेव्हा आठवल्या.

सारे तिकडे सोन्याचे आहे, असेही नाही. तेथील कापड कारखान्यांत आज बांगलादेशातून आणि मादागास्करहून करारावर माणसे येतात. मजुरीचा घाट एकदा बांधून संपत नाही. तो दर पिढीला राखावा लागतो.

आपल्याकडे ग्रामसेवकामार्फत नोंद करून ओळखपत्र देण्याचे काम अलीकडे सुरू झाले आहे. ते चांगलेच आहे. आमची मागणी त्यापुढची आहे: कारखान्याच्या हजेरीपटावर नाव हवे, आणि एका कोयत्याची दोन नावे हवीत, नवऱ्याचे वेगळे आणि बायकोचे वेगळे.

आपणांपैकी पुष्कळ जण शिक्षक आहात, वकील आहात, विद्यार्थी आहात. आपणांकडे मागणे एवढेच. येत्या दसऱ्यानंतर टोळ्या निघतील, तेव्हा आपल्या गावात एक वही घाला. कोण निघाले, कोणत्या कारखान्याला, कोणत्या मुकादमाबरोबर, उचल किती, हे लिहून घ्या. एक नक्कल गावात ठेवा, एक त्यांच्या हाती द्या. सरकारने करावे तोवर आपण करू. चौथी शिकलेल्या माणसालाही हे जमते. आम्ही करून पाहिले आहे.