विशेष मुलांचे दूरस्थ शिक्षण : काही अनुभव

(वार्षिक सभेतील भाषण)



मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा आमच्या बालविकास विभागात येणाऱ्या मुलांचे वाचा-उपचार व भौतिकोपचारही थांबले. त्याच वर्षी मे महिन्यात केंद्र शासनाने ‘पीएम ई-विद्या’ उपक्रम जाहीर केला. त्यात अंध व कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी विशेष पाठ्यसामग्रीचा समावेश होता. परंतु पाठ घरी पोहोचला म्हणजे मुलाला मिळाला, असे होत नाही. ओष्ठवाचन करणाऱ्या मुलाला शिक्षकांचा चेहरा स्पष्ट दिसावा लागतो. मोबाईलवर तो नखाएवढा होतो, आणि चित्र अडखळले की शब्द हरवतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलाला तर आधी मान सावरून नीट बसवावे लागते. ते काम आई करते, बहुधा स्वयंपाक अर्धवट टाकून.

काही स्वमग्न मुलांना मात्र हे शिक्षण मानवले, हेही नमूद केले पाहिजे. वर्गातला गोंगाट नाही, आणि तोच पाठ हवा तितक्या वेळा थांबवून पाहता येतो.

म्हणून शाळा पुन्हा सुरू झाल्यावरही आम्ही दूरस्थ सत्रे चालू ठेवली. दूरच्या गावातील कुटुंबाचा एका दिवसाचा रोजगार त्यामुळे वाचतो. या सत्रांत आमचे उपचारक मुलापेक्षा आईशीच अधिक बोलतात. आपण दिलेले टॅब्लेट उपयोगी पडत आहेतच. आता आमची विनंती उपचारकांच्या मानधनासाठी आहे. एका सत्रात एकच कुटुंब घेता येते, आणि प्रतीक्षायादीतील काही पालक आज या सभागृहातही बसलेले आहेत.