शेवाळ मारण्याआधी त्याचं जेवण बंद करा



आज आपण पाण्याविषयी बोलणार आहोत, पण प्यायच्या पाण्याविषयी नाही. आपल्या घरी, गोठ्यात आणि शेतात साठवलेलं जे पाणी असतं त्याविषयी. मुलांनी हट्टानं आणलेली माशांची काचेची टाकी, गुरांना पाणी पाजायचा हौद आणि बचत गटानं मासे सोडलेलं शेततळं. ही तीन ठिकाणं वेगवेगळी दिसतात, पण तिन्हीकडून तक्रार एकच येते : पाणी हिरवं झालं, शेवाळ हटत नाही आणि पाण्यात किडे झाले.

आपल्या भुसावळ-जळगाव भागात उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे जातो. ऊन कडक, पाणी कमी आणि साचलेलं, म्हणजे शेवाळाला पाहिजे ते सगळं आयतंच मिळतं. मग कुणीतरी सांगतं, दुकानातून औषध आणा आणि टाका. इथेच नुकसान होतं. शेवाळानं मासे मरायचे ते थोडे, पण घाईनं टाकलेल्या औषधानं एका रात्रीत सगळं तळं उलथतं. गटातल्या बायांनी वर्षभर जमवलेला पैसा त्यात असतो. म्हणून आज नीट समजून घेऊ.

शेवाळ येतं कुठून? शेवाळ ही पाण्यातली वनस्पतीच आहे. तिला दोन गोष्टी लागतात, ऊन आणि खत. ऊन वरून मिळतं. खत आपण घालतो. माशांनी न खाल्लेलं खाद्य, माशांची विष्ठा, हौदात पडलेला चारा आणि शेण, पावसात शेतातून वाहून आलेला युरिया, धुण्याभांड्यांचं पाणी, हे सगळं शेवाळाचं जेवण. आपण शेवाळ काढतो, पण जेवण तसंच ठेवतो, म्हणून ते आठ दिवसांत परत येतं.

मोठं उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. तापी-पूर्णेच्या संगमाखाली हतनूर धरण आहे. त्याचं पाणी आपल्या दीपनगरच्या वीज केंद्राला येतं. त्या जलाशयात जलपर्णी कशी पसरते ते आपण पाहतो. जलपर्णी म्हणजे शेवाळ नव्हे, पण तिचंही पोट खतानंच भरतं. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली. तिची जांभळी फुलं सुंदर दिसतात म्हणून शोभेसाठी ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी भारतात आणली गेली आणि नद्या-तलावांत पसरली. हौसेनं आणलेली वस्तू कशी गळ्यात पडते, ते लक्षात ठेवा. याच गोष्टीकडे आपण पुढे परत येणार आहोत.

पण शेवाळ म्हणजे शत्रूच, असं नाही. माशांची बारीक पिल्लं हिरव्या पाण्यातल्या सूक्ष्म जिवांवरच वाढतात. समुद्रातली प्रवाळं तर आपल्या अंगातच सूक्ष्म शेवाळ बाळगतात आणि त्यानं बनवलेल्या अन्नावर जगतात. तेव्हा थोडं हिरवं पाणी चांगलं. प्रश्न आहे तो फार हिरव्याचा.

किती हिरवं म्हणजे फार? याची सोपी परीक्षा आहे. सकाळी नऊ-दहा वाजता तळ्याच्या काठाला, पण आधाराला धरून, हात सरळ पाण्यात घाला. कोपरापर्यंत हात बुडाल्यावर तळवा दिसेनासा झाला, तर पाणी ठीक आहे. मनगट बुडतं न बुडतं तोच तळवा दिसेना, तर पाणी फार हिरवं झालं. आणि कोपराच्या वर हात गेला तरी तळवा लख्ख दिसत असेल, तर त्या पाण्यात माशांना नैसर्गिक खाद्य कमी आहे. ही परीक्षा आठवड्यातून दोनदा करा आणि वहीत लिहून ठेवा. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं निसरडं असतं. तिथे एकटीनं उतरू नका, लहान मुलांना तर मुळीच नेऊ नका. काठाला दोर बांधलेला असू द्या.

आता फार हिरव्या पाण्यात मासे का मरतात ते ऐका. दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं. रात्री ऊन नसतं, तेव्हा तेच शेवाळ माशांसारखा प्राणवायू घेतं. म्हणून पहाटे, सूर्य उगवायच्या आधी, पाण्यात प्राणवायू सर्वांत कमी असतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर समजा की त्यांचा श्वास कोंडला आहे. आभाळ दोन-तीन दिवस झाकलेलं राहिलं, तर हा धोका वाढतो. अशा वेळी त्या दिवसाचं खाद्य बंद ठेवा. मोटार सुरू करून तळ्याचंच पाणी उंचावरून तळ्यात पडेल असं करा किंवा विहिरीचं पाणी शिंपडत सोडा. पाणी जितकं आपटेल, फुटेल, तितकी हवा त्यात मिसळते.

अशा तळ्यात औषध टाकलं तर काय होतं? सगळं शेवाळ एकदम मरतं, तळाला जातं आणि कुजतं. कुजताना उरलासुरला प्राणवायू ओढून घेतं. म्हणजे औषधानं मासे वाचले तरी कुजलेल्या शेवाळानं मरतात. आपल्याकडे बोर्डो मिश्रणासाठी मोरचूद घरात असतं, म्हणून ते तळ्यात टाकायचा मोह होतो. मोरचूद म्हणजे तांब्याचं क्षार. माशांना आणि शंखांना ते विषारी आहे. ते पाण्यातून नाहीसं होत नाही, तळाच्या गाळात साचत जातं. मेंढ्यांना तर तांबं फारच लवकर बाधतं. गुरं-मेंढ्या पाणी पितात त्या हौदात मोरचूद कधीही टाकू नका. मोठ्या वीज केंद्रांत थंड करायच्या पाण्यात क्लोरीन सोडून शेवाळ आवरतात, पण त्या पाण्यात कुणी मासे पाळलेले नसतात. त्यांचा उपाय आपला नाही.

मग आपला उपाय कोणता? एकेका ठिकाणाचं पाहू.

आधी काचेची टाकी. ती खिडकीच्या उन्हात ठेवू नका. दिवा दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त लावू नका. खाद्य इतकंच टाका की दोन-तीन मिनिटांत संपेल. मुलं मायेनं चिमटीवर चिमटी टाकतात, त्यांना हे समजावून सांगा. दर आठवड्याला पाव टाकी पाणी काढा आणि तेवढंच नवं घाला. सगळं पाणी एकदम बदलू नका. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, म्हणून ते बादलीत एक दिवस उघडं ठेवून मगच घाला. गाळणीचा स्पंज नळाखाली धुऊ नका. टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा. त्या स्पंजात घाण पचवणारे चांगले जिवाणू असतात, ते जगले पाहिजेत. बारीक गोगलगाई फार झाल्या, तर रात्री काकडीची एक चकती टाका. सकाळी चकतीला चिकटलेल्या गोगलगाईंसह ती उचला. आठवडाभर हे केलं की संख्या आटोक्यात येते.

दुसरा, गोठ्याचा हौद. आठवड्यातून एक दिवस तो पूर्ण रिकामा करा, काथ्यानं किंवा ब्रशनं भिंती घासा आणि उन्हात कोरडा होऊ द्या. डासाची अंडी भिंतीला चिकटलेली असतात, म्हणून नुसतं पाणी ओतून चालत नाही. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्याचा कोरडा दिवस पाळला की डासांची साखळी तुटते. जो हौद रिकामा करता येत नाही, त्यात गप्पी मासे सोडा. ते डासांच्या अळ्या खातात. गप्पी मासे हौदातच ठेवा, नाल्यात किंवा नदीत सोडू नका. हौदातल्या शंखगोगलगाईही काढत राहा. गुरांच्या यकृतात होणारे चपटे कृमी या गोगलगाईंच्या अंगात वाढतात आणि तिथून पाण्याच्या काठाच्या गवतावर येतात. गोगलगाई कमी, तर जनावरांचा तो आजारही कमी.

तिसरं, शेततळं. समजा आपलं तळं ३० मीटर लांब आणि ३० मीटर रुंद आहे, म्हणजे साधारण ९ गुंठे. त्यात पाव-पाव किलोचे ४०० मासे आहेत. माशांचं एकूण वजन झालं १०० किलो. त्यांना दिवसाला वजनाच्या २ ते ३ टक्के खाद्य पुरतं, म्हणजे दोन ते तीन किलो. तुम्ही चार किलो घातलं, तर वरचा किलो मासा खात नाही, शेवाळ खातं. पैसा आपला आणि जेवण शेवाळाचं. म्हणून महिन्यातून एकदा जाळ्यात थोडे मासे धरून वजन करा आणि त्यावर खाद्य ठरवा. दोऱ्यासारखं लांब शेवाळ आलं, तर लांब काठीला दाताळं बांधून ओढून काढा. एका दिवसात सगळं नको, आज एक बाजू, चार दिवसांनी दुसरी. काढलेलं शेवाळ काठावर ठेवू नका, पावसानं ते परत पाण्यात जाईल. शेणखताच्या खड्ड्यात टाका, चांगलं खत होतं. शेतातलं वाहतं पाणी थेट तळ्यात येणार नाही, असा काठाला बांध घाला.

ज्यांच्या केळीला याच तळ्याचं पाणी ठिबकनं जातं, त्यांनी फुटबॉल तळाला टेकवू नये आणि अगदी पृष्ठभागावरही ठेवू नये. पृष्ठभागाखाली दीड-दोन फुटांवर तरंगता ठेवावा. वाळूची गाळणी उलट्या पाण्यानं नियमित धुवावी. नाहीतर शेवाळ ड्रिपरमध्ये जाऊन बसतं आणि झाडं तहानलेली राहतात.

आता किडे. माशांचं बारीक बी सोडायचं असेल, तेव्हा पाणविंचू, पाठीवर पोहणारे पाणकिडे हे ते बी फस्त करतात. हे किडे श्वास घ्यायला पृष्ठभागावर येतात. म्हणून बी सोडण्याच्या एक दिवस आधी, वारा नसताना, साबण आणि तेलाचं मिश्रण पाण्यावर पसरतात. हेक्टरी ५६ किलो खाद्यतेल आणि १८ किलो साधा साबण, हे त्याचं प्रमाण आहे. आपल्या ९ गुंठ्यांना सुमारे ५ किलो तेल आणि दीड किलोच्या थोडा वर साबण लागेल. साबण किसून गरम पाण्यात विरघळवा, त्यात तेल घालून दुधासारखं होईपर्यंत घुसळा आणि शिंपडा. चतुराची पिल्लं यानं मरत नाहीत, ती जाळीनं काढावी लागतात. माशांच्या अंगाला ऊ झाली, तर तळ्यात बांबूच्या चटया उभ्या सोडा. ऊ त्यांवर अंडी घालते. दर तीन-चार दिवसांनी चटया काढून कडक उन्हात वाळवा.

आता मी म्हटलं होतं ती गोष्ट. माशांच्या दुकानात काच साफ करणारा मासा म्हणून काळपट, खरखरीत अंगाचा सकर मासा देतात. लहान असताना तो काचेवरचं शेवाळ चाटतो. पण तो वाढत जातो, टाकी अपुरी पडते आणि मग लोक त्याला नदीत सोडतात. असं करू नका. आपल्याच राज्यात उजनी धरणात हा मासा पसरला आहे. त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात, त्याला बाजारात भाव नाही आणि तो मच्छीमारांच्या चांगल्या माशांची जागा घेतो. शेवाळाचा उपाय म्हणून आणलेला मासा स्वतःच कीड झाला. आपल्या तापी-पूर्णेत हे होऊ द्यायचं नाही. टाकी नकोशी झाली, तर मासे दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी घराला द्या. टाकीतल्या वनस्पती उन्हात वाळवून खतात टाका.

शेवटची आणि सर्वांत महत्त्वाची सूचना. पाण्यावर हिरव्या-निळ्या ऑइलपेंटसारखी साय आली, वाईट वास सुटला, तर ते साधं शेवाळ नाही. त्यातलं काही विषारी असतं आणि ते यकृतावर किंवा मज्जातंतूंवर घाव घालतं. पाणी उकळूनही ते विष जात नाही. अशा तळ्यावर गुरं नेऊ नका, त्या पाण्यानं भांडी धुऊ नका. गुरं प्यायली असतील, तर लगेच पशुवैद्यकाला बोलवा. पाण्याचा नमुना दाखवायला आणि सल्ला घ्यायला जळगाव जिल्ह्यात पाल आणि ममुराबादचं कृषी विज्ञान केंद्र आहे, धुळ्याच्या भगिनींना धुळ्याचं केंद्र आहे.

पुढच्या बैठकीत गटानं तीन कामं वाटून घ्या. एकीनं तळव्याची परीक्षा करून वहीत लिहायचं. दुसरीनं खाद्य मोजून द्यायचं, अंदाजानं नाही. तिसरीनं पहाटे तळ्यावर एक फेरी मारायची, सोबतीला कुणी घेऊन. कामं दर महिन्याला बदला, म्हणजे सगळ्यांना सगळं येईल. यात खर्च जवळजवळ काही नाही, लागते ती फक्त नजर. आणि औषधाची बाटली उघडायच्या आधी हा एक प्रश्न विचारा : या शेवाळाला जेवण कोण घालतंय?