आठवीनंतर काय?

(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



पालक मेळाव्यात बहुधा पहिल्या आलेल्या मुलांविषयी बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. मला मात्र आज अशा मुलांविषयी बोलायचे आहे, ज्यांचे नाव निकालाच्या यादीत अगदी खाली असते आणि पुढल्या वर्षी त्या यादीतही नसते. वय चौदा-पंधरा, अंगाने थोराड, ओठावर मिसरूड फुटलेले. पण वाचन तिसरी-चौथीचे आणि हातचा घेऊन बेरीज करताना बोटे मोजायची. हे मूल मागच्या बाकावर गप्प बसलेले असते. ते कोणाला त्रास देत नाही, म्हणून शिक्षकांच्याही लक्षात येत नाही.

अशा मुलांना पूर्वी ‘मतिमंद’ म्हणत. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ‘बौद्धिक अक्षमता’ ही संज्ञा धरली आहे. कायद्याने शब्द बदलला, पण आपल्या मोहल्ल्यात अजून ‘येडा’ हाच शब्द चालतो, आणि तो मुलाच्या तोंडावर चालतो.

बौद्धिक अक्षमता असलेल्यांमध्ये सर्वांत मोठी संख्या सौम्य गटाची आहे. बुद्ध्यंक साधारण पन्नास ते सत्तरच्या दरम्यान, अशी त्याची ओळख सांगतात. पण केवळ आकड्यावर निकाल देता येत नाही. मुलाला स्वतःचे काम स्वतः करता येते का, पैसे, वेळ, रस्ता हे व्यवहार कळतात का, हेही तपासावे लागते. बुद्धिमापनाची पहिली कसोटी फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली तयार केली. शाळेत कोणत्या मुलांना जादा मदत लागते हे समजावे, एवढाच तिचा हेतू होता. मुलाला वर्गाबाहेर काढण्याचे ते साधन नव्हते. आपण मात्र बरेचदा त्याचा उलटाच उपयोग करतो.

‘सौम्य’ या शब्दानेही घोटाळा होतो. पालकांना वाटते, सौम्य आहे म्हणजे जाईल. हा ताप नव्हे, तो औषधाने उतरत नाही, आणि ताईताने तर नाहीच. याहून घातक असा एक उपाय आपल्या घराघरांत सुचवला जातो : “शादी करून टाका, जबाबदारी पडली की सुधारेल.” माता-पित्यांनो, ज्याला शंभराच्या नोटेचे सुटे मोजता येत नाहीत, त्याच्या हाती आपण दुसऱ्याची लेक देतो आणि तिला आधी काही सांगतही नाही. हा त्या मुलावरही अन्याय आहे आणि त्या मुलीवरही.

दुसरी गोष्ट लपवण्याची. मोठ्या बहिणीचे लग्न ठरायचे आहे, पाहुणे येतील, म्हणून या मुलाचे प्रमाणपत्र काढायचे नाही, तपासणी करायची नाही, त्याला शाळेतूनही काढायचे. बाप आखातात, आई एकटी, सासरचे काय म्हणतील ही धास्ती. मी ही धास्ती समजू शकतो. पण बहिणीचे लग्न एकदा होते, आणि या मुलाला पुढची पन्नास वर्षे काढायची असतात.

आता आठवीचा प्रश्न. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत मुलाला नापास करायचे नाही असे ठरले. २०१९ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा पुन्हा आणली. नियम कोणताही असो, आपले हे मूल रखडत रखडत नववीच्या दारात येते आणि तिथे बीजगणित, भूमिती, विज्ञान एकदम अंगावर येते. चाचणीत शून्य, पुन्हा शून्य. दिवाळीच्या सुट्टीनंतर ते शाळेत येत नाही. मुलगा असेल तर गॅरेजवर चहा आणायला लागतो. मुलगी असेल तर घरात बसते, आणि तिची चौकशीही कोणी करीत नाही.

इथेच खरी चूक होते. हे मूल शिकत नाही असे नाही, ते सावकाश शिकते. सौम्य गटातील बरीच मुले साधारण सहावीच्या पातळीपर्यंतचे वाचन आणि गणित गाठू शकतात, पण ती पातळी गाठायला सतरावे-अठरावे वर्ष उजाडते. म्हणजे चौदाव्या वर्षी आपण त्याला शाळेतून काढतो, तेव्हा त्याची वाट निम्म्यातच तोडतो. आणि वर म्हणतो, इतकी वर्षे शाळेत घालून काय उपयोग झाला!

या चार-पाच वर्षांत काय शिकवायचे? हाच विषय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्याला वर्गमूळ नको. खऱ्या नोटा आणि खरी नाणी हाती देऊन, वाण्याकडची यादी देऊन हिशेब शिकवावा. घड्याळ, एस.टी.चा फलक, औषधाच्या पाकिटावरची तारीख, फॉर्मवर नाव-पत्ता भरणे, मोबाइलवरून पैसे मागणाऱ्याला नकार देणे, ही त्याची पाठ्यपुस्तके. एक काम पाच-सहा लहान पायऱ्यांत तोडावे, एक पायरी पक्की झाल्यावरच दुसरी घ्यावी, आणि तेच घरीही करून घ्यावे. शाळेत शिकवलेला हिशेब दुकानात आपोआप येत नाही, दुकानात तो पुन्हा शिकवावा लागतो. माझ्या पाहण्यातील एक मुलगा अपूर्णांकाला हात टेकत असे, पण बंदरावर मामूंबरोबर जाऊ लागला आणि मासळीच्या टोपल्यांची नोंद वहीत बिनचूक ठेवू लागला. त्याला ती वही तीन महिने रोज शिकवली होती, हे मात्र कोणी सांगत नाही.

आणखी एक विषय, ज्यावर आपण गप्प राहतो. या मुलांची बुद्धी सावकाश चालते, पण शरीर वयाप्रमाणेच वाढते. मुलीला पाळीची तयारी आधी, चित्रे दाखवून, पुन्हा पुन्हा सांगून द्यावी लागते. कोणाचा स्पर्श चालेल आणि कोणाचा नाही, नको असेल तर ओरडायचे, घरी येऊन सांगायचे, हे मुलालाही शिकवावे लागते. शरमेने गप्प बसलो तर त्याचा फायदा घेणारे टपलेलेच असतात.

आता वाटा सांगतो. २०१६ च्या कायद्याच्या कलम ३१ नुसार, ज्याचे दिव्यांगत्व ४० टक्के किंवा त्याहून अधिक आहे अशा सहा ते अठरा वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा त्याच्या पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मुंबईची जय वकील शाळा १९४४ पासून आणि पुण्याची कामायनी १९६४ पासून हे काम करीत आहे. पण प्रत्येक तालुक्यात अशी शाळा कोठून आणणार? सौम्य गटातील मूल आपल्याच शाळेत, आपल्याच मित्रांत राहू शकते. राज्य मंडळाच्या दहावीला अशा मुलांसाठी जादा वेळ, लेखनिक अशा सवलती आहेत. त्यासाठीचे कागद परीक्षेच्या तोंडावर नव्हे, नववीतच मुख्याध्यापकांकडे द्यावेत.

ज्याला तेही झेपत नाही त्याच्यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था आहे. ती १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय या नावाने सुरू झाली. तिच्या मूलभूत शिक्षणात तिसरी, पाचवी आणि आठवीच्या समकक्ष असे तीन स्तर आहेत. तिच्या दहावीला पाच विषय लागतात. गणित घ्यावेच अशी सक्ती नाही, आणि एखादा व्यावसायिक विषयही घेता येतो. मराठी आणि उर्दू दोन्ही भाषा तिथे आहेत. एकदा नोंदणी केली की पाच वर्षे मुदत असते, दरवेळी एक-दोन विषय सोडवत गेले तरी चालते. आपल्या मुलाच्या चालीला हे बरेच जुळते. अर्थात दहावी झालीच पाहिजे असा माझा हट्ट नाही. वर सांगितलेले व्यवहार जमले आणि दहावी राहिली, तर मी त्याला नापास म्हणणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्याशी दोन शब्द. सुट्टीत त्याला चिडवून नाचायला लावणे, त्याच्याकडून चूक करवून घेऊन हसणे, हा खेळ नव्हे. तुमच्यापैकी एकाने त्याच्या शेजारी बसावे, वही उघडून द्यावी, आज कोणता तास आहे ते सांगावे. मात्र त्याचे उत्तर त्याच्या वहीत लिहून देऊ नये, ते त्यालाच लिहू द्यावे.

शेवटी कागदपत्रांचे. जिल्हा शासकीय रुग्णालयात तपासणी होऊन दिव्यांग प्रमाणपत्र मिळते, त्याचा अर्ज स्वावलंबन संकेतस्थळावरून करता येतो. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील निरामय योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य संरक्षण आहे. अठरा वर्षांनंतर गरज वाटल्यास पालकत्वाचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे करावा लागतो, म्हणून सतराव्या वर्षीच चौकशी करून ठेवावी. ज्या घरात असे मूल आहे त्यांनी नववीचा प्रवेश रद्द करण्यापूर्वी एकदा शाळेत यावे. आधार कार्ड, जन्मदाखला आणि मागच्या दोन वर्षांची गुणपत्रके बरोबर आणावीत, आणि मुलालाही आणावे.