पेशींची पकड आणि तोंडाचा कर्करोग

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात तळेगाव (श्यामजी पंत) येथे केलेले भाषण)



यंदाच्या संमेलनात दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने आम्हांस केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आणि सारे आयुष्य पाढे व शुद्धलेखन शिकविण्यात गेले. अशा माणसाने कर्करोगाच्या संशोधनावर बोलावे हे धाडसच होय. परंतु हा विषय आम्ही हौसेने निवडलेला नाही. त्यामागे आमच्या हातून घडलेला एक प्रमाद आहे, तो आधी सांगतो.

सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी आम्ही एका खेड्यातील शाळेवर होतो. मधल्या सुट्टीत एका चुणचुणीत मुलास आम्ही पानठेल्यावर पाठवीत असू आणि तो आमचा खर्रा घेऊन येई. पुडीतील सुपारीचा तुकडा तो वाटेत चाखतो, हे आमच्या ध्यानात आले होते. आम्ही हसून सोडून दिले. तोच विद्यार्थी दोन वर्षांपूर्वी आमच्या दारी आला व म्हणाला, "गुरुजी, तोंड उघडत नाही. भाकर कालवून गिळावी लागते." पुढे गालात कर्करोग निघाला. शस्त्रक्रियेत जबड्याचा काही भाग काढावा लागला. तो वाचला, कामाला लागला. पण त्याच्या मुलीची ठरत आलेली सोयरीक मोडली. ज्या घराने ती मोडली, ते घर आपल्याच ज्ञातीतील आहे. "रोग घरात आहे," एवढेच कारण त्यांनी दिले. ही हकीगत आम्ही त्याच्या संमतीने सांगत आहोत.

तेव्हापासून आम्ही या रोगाविषयी मिळेल ते वाचू लागलो. समजले नाही तेथे डॉक्टरांना व शिकलेल्या मुलांना विचारले. जे उमगले ते असे.

आपला भाग संत्र्यांचा. संत्रे देठाशी घट्ट असते तोवर झाडाचा रस त्यास मिळतो. देठाशी असलेला पेशींचा बारीक थर सैल पडला की फळ गळते आणि जमिनीवर सुकते. आपल्या शरीरातील पेशींचेही काहीसे असेच आहे. गालाच्या आतील अस्तर म्हणजे पेशींचे एकावर एक थर. शेजारच्या पेशींना धरून ठेवण्यासाठी कॅडहेरिन नावाची प्रथिने असतात. त्यांचा शोध जपानमधील मासातोशी ताकेइची यांनी लावला. सर्वांत खालचा थर एका पातळ पडद्यावर उभा असतो व त्यास इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांनी धरून असतो. या पकडी केवळ चिकटविण्याचे काम करीत नाहीत. पेशी कोठे आहे, तिने वाढावे की थांबावे, याचे निरोप त्यांतूनच आत जातात. आधार सुटलेली निरोगी पेशी बहुधा स्वतःच मरते, असे १९९४ साली दाखविण्यात आले. कर्करोगाची पेशी मात्र देठ सुटूनही जगते, पडदा भेदते आणि रक्तातून वा लसिकेतून दूर जाऊन तेथे घर करते. इंटेग्रिनांच्या शोधाबद्दल रिचर्ड हाइन्स, एर्की रूओस्लाहती व टिमोथी स्प्रिंगर यांना २०२२ साली अमेरिकेतील लास्कर पारितोषिक मिळाले.

हे सारे परदेशातच घडले असे मात्र कोणी समजू नये. मुंबईस १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले व १९५२ साली डॉ. वसंतराव खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. त्यांच्याच मार्गदर्शनाखाली संशोधन केलेल्या डॉ. कमल रणदिवे या पुण्याच्या कन्येने अमेरिकेत बाल्टिमोर येथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत पेशी काचपात्रात वाढविण्याची विद्या आत्मसात केली. परत येऊन त्यांनी मुंबईस तशी प्रयोगशाळा उभारली. स्तनाच्या कर्करोगाबरोबरच कुष्ठरोगाच्या जंतूंवरही त्यांनी काम केले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. काचपात्रात पेशी वाढविता आल्या नसत्या, तर पुढील संशोधन झालेच नसते.

त्याच परंपरेतील संस्था आज नवी मुंबईत खारघर येथे आहे. तेथे डॉ. मिलिंद वैद्य यांच्या प्रयोगशाळेने तोंडाच्या कर्करोगावर केलेले काम २०११ साली प्रसिद्ध झाले. आपल्या नखा-केसांत असते त्या केराटिन कुळातील धागे पेशींच्या आतही असतात व ते पेशीस आकार आणि बळ देतात. त्यांचे अनेक प्रकार. गालाच्या निरोगी अस्तरात क्रमांक ८ व १८ चे केराटिन सहसा आढळत नाहीत. तोंडाच्या कर्करोगात मात्र ते पुष्कळदा दिसतात. हे धागे तेथे नुसते उपरे आहेत की काही उपद्रव करतात, असा प्रश्न होता. संशोधकांनी रोग्याच्या गाठीपासून वाढविलेल्या पेशींतील हे केराटिन कमी केले. तेव्हा अल्फा ६ बीटा ४ नावाच्या इंटेग्रिनमार्फत जाणाऱ्या निरोपांत बदल झाला आणि पेशींची सरकण्याची, आत घुसण्याची व गाठ निर्माण करण्याची शक्ती घटली. म्हणजे आतला धागा बदलला की बाहेरची पकड बदलते, आणि पकड बदलली की पेशीचे वर्तन बदलते. हे प्रयोगशाळेतील ज्ञान आहे. यावरून उद्याच औषध निघेल असा भ्रम आम्ही आपणांस देणार नाही. परंतु रोग कसा पसरतो हे कळल्यावाचून त्यास अडविता येत नाही.

या ज्ञानातून आपणांस काय घ्यावयाचे?

पहिली गोष्ट. हा रोग पंक्तीत बसल्याने, एका ताटात जेवल्याने वा रोग्याची सेवा केल्याने लागत नाही. बिघाड रोग्याच्या स्वतःच्या पेशींत असतो. आपल्याच जिल्ह्यात १९३६ साली मनोहरजी दिवाण यांनी दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांच्या सेवेस प्रारंभ केला. कुष्ठरोग तर जंतूंमुळे होणारा, तरीही ते भ्याले नाहीत. मग जो रोग स्पर्शाने लागतच नाही, त्याच्या रोग्याची ताटवाटी वेगळी ठेवणाऱ्या घरांनी आपल्या मनास काय उत्तर द्यावे?

दुसरी गोष्ट रक्ताची. काही थोड्या कुटुंबांत कर्करोगाचा कल वंशपरंपरेने येतो, हे खरे. न्यूझीलंडमधील एका माओरी कुटुंबात पिढ्यानुपिढ्या पोटाचा कर्करोग होत असे; त्याचे मूळ कॅडहेरिनाच्या जनुकातील दोषात असल्याचे १९९८ साली आढळले. अशा घरांनी वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा. परंतु आपल्याकडील गालाचा कर्करोग मुख्यतः खर्ऱ्याचा आहे. तंबाखूचे घातक गुण सर्वश्रुत आहेत. नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २००४ साली प्रसिद्ध केला. बापाने खर्रा खाल्ला म्हणून मुलीची सोयरीक मोडणे यात विज्ञान नाही आणि न्यायही नाही. खरोखर दोष द्यावयाचा तर ज्या मास्तराने त्याला पानठेल्यावर धाडले, त्याला द्या.

तिसरी गोष्ट वेळेची. केरळात तिरुवनंतपुरम् परिसरात शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी घरोघर जाऊन तोंडे तपासली. तंबाखू वा दारूचे व्यसन असलेल्यांत तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एकतृतीयांशाने घटले, असे २००५ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा महिन्यातून एकदा उजेडात आरशासमोर उभे राहावे. पांढरा वा तांबडा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, कमी उघडणारे तोंड, यांपैकी काही दिसल्यास लाज न धरता सेवाग्रामच्या वा नागपूरच्या रुग्णालयात जावे. आमच्या विद्यार्थ्याने आठ महिने लपविले. तेवढ्या काळात जबडा गेला.

शेवटी मंडळापुढे दोन सूचना ठेवतो. संमेलनात फिरणाऱ्या तबकातून तंबाखू आणि सुपारी दोन्ही काढावीत, बडीशेप पुरे. आणि वधूवर मेळाव्याच्या वेळी, कर्करोगाच्या नुसत्या नावावरून कोणी स्थळ नाकारू नये, असे आवाहन मंडळाने आपल्या नावे करावे.

आम्ही खर्रा सोडला त्यास दोन वर्षे झाली. सोडणे सोपे गेले असे म्हणणार नाही. पहिले तीन महिने रात्री झोप नव्हती. पण जमले. ज्यांना जमेल असे वाटत नाही, त्यांनी आमच्याकडे यावे, आम्ही सोबत करू.

आमचा तो विद्यार्थी आज सहकुटुंब या मांडवात आला आहे. त्याचे बोलणे थोडे जड येते, जेवण्यास वेळ लागतो. भोजनाच्या पंक्तीत आमचे पान त्याच्या शेजारी मांडावे, एवढी व्यवस्थापकांना विनंती आहे. त्याच्या दुसऱ्या बाजूचे पान कोणी मांडून घ्यावे, हे आम्ही आपणांवर सोपवितो.